एक मीटर म्हणजे तीन मिलिसेकंद

पुण्यात लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या दिवशी ज्यानं ढोल ऐकलाय, त्याला व्हँकुव्हरकडच्या गणपतीत मोकळ्या मैदानावर वाजणारा ढोल हमखास फिका वाटतो. ढोल तोच असतो, बरेचदा पुण्याहूनच आणलेला. वाजवणारेही कोथरूड-चिंचवडचेच, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी तालीम करणारे. तरी कुणीतरी म्हणतंच, ‘‘तिकडच्यासारखं घुमत नाही हो.’’ मग कुणी हवेला दोष देतं, कुणी पानाला. पण हल्ली ढोलाची पानं बहुतेक फायबरची असतात, त्यांना हवापाण्याचं फारसं सोयरसुतक नसतं. फरक आहे तो रस्त्याचा. लक्ष्मी रोडला दोन्ही अंगांना इमारती खेटून उभ्या आहेत. टिपरू पानावर पडलं की आवाज थेट कानात येतो, आणि त्याच्या मागोमाग दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून पुन्हा येतो. मैदानावर जमीन सोडली तर त्याला परत पाठवायला कुणी नाही. गेला की गेलाच.

मागोमाग म्हणजे किती मागे? वीस अंश तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. एक मीटर कापायला त्याला २.९ मिलिसेकंद लागतात. तीन धरून चाला. मिरवणूक रस्त्याच्या मधोमध आणि भिंत पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे २९ मिलिसेकंद. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ साली गॉटिंगनला सादर केलेल्या प्रबंधात दाखवून दिलं, की मूळ आवाजापाठोपाठ साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आलेला प्रतिध्वनी आपल्याला वेगळा ऐकूच येत नाही. कान त्याला मूळ आवाजात सामावून घेतो, आणि आवाज नुसता भरीव वाटतो. त्याचे प्रयोग बोलण्याच्या आवाजावरचे होते. ठोक्याला ही मर्यादा आणखी तंग असते, पण गोष्ट तीच. लक्ष्मी रोडसारखा रस्ता या हिशेबात ढोबळमानानं बसतो.

हाच हिशेब घरीही लागू पडतो. ड्रम रेकॉर्ड करायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो माइक कुठला घेऊ, दुसरा इंटरफेस कुठला, तिसरा सॉफ्टवेअर कुठलं. तिन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांचा नंबर नंतरचा. माझं मत असं, की आधी मेजरटेप काढावी. ड्रमच्या रेकॉर्डिंगमध्ये जे काही बिघडतं किंवा जमतं, ते जवळजवळ सगळं अंतराचं असतं, आणि प्रत्येक अंतराची किंमत तीन मिलिसेकंदाला एक मीटर या एकाच दरानं ठरते. भिंत, छत, माइक, कॉम्प्युटर, शेजारी, इतकंच काय पुण्यातला तबलजी, सगळ्यांना हाच दर लागू आहे.

हे व्हँकुव्हरमधल्या जाणत्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. वेस्ट सेव्हन्थ अव्हेन्यूवर लिटल माउंटन साउंड नावाचा स्टुडिओ होता. बॉन जोव्हीचा ‘स्लिपरी व्हेन वेट’ १९८६ साली तिथं झाला, एरोस्मिथचा ‘पंप’ आणि मॉट्ली क्रूचा ‘डॉक्टर फीलगुड’ १९८९ साली. त्या रेकॉर्डांवरचे ड्रम ऐकताना छातीवर ठोका बसतो, आणि त्यातला मोठा वाटा स्टुडिओच्या माल चढवा-उतरवायच्या जागेचा आहे. ती जागा टणक आणि ऐसपैस. तिथं घुमलेला आवाज माइकनं पकडून मूळ ठोक्यात मिसळायचा, ही तिथली खासियत. ब्रूस फेअरबर्न, बॉब रॉक ही निर्माते मंडळी या स्टुडिओतून जगभर गाजली. ट्रक लागायच्या जागेनं रॉक संगीताचा एका दशकाचा नाद ठरवला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. त्यांनी ड्रमला विकत घेऊन दिलं ते अंतर. त्याच्या काही वर्षं आधी लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅडगम या इंजिनिअरनं उलटी गंमत केली होती: दगडी खोलीतला घुमणारा आवाज पूर्ण फुगू द्यायचा आणि मध्येच कापून टाकायचा. फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या ‘इन द एअर टुनाइट’मधले ते प्रसिद्ध ठोके त्यातलेच.

आपल्याकडे ट्रक लावायची जागा नाही. आपल्याकडे आहे बेसमेंट, किंवा ईस्ट व्हँकुव्हरमध्ये घर असेल तर ‘व्हँकुव्हर स्पेशल’चा तळमजला. १९६५ ते १९८५ च्या दरम्यान या शहरात या खोकेवजा दुमजली घरांचं पीकच आलं होतं: उतार जेमतेम असलेलं छप्पर, खाली जमिनीलगत काँक्रीटचा ओटा, वर राहायचं आणि खाली भाडेकरू ठेवायचा. आत सगळा लाकडी सांगाडा आणि ड्रायवॉल. खालच्या खोलीचं छत सात-साडेसात फुटांवर.

पुण्या-मुंबईतली दहा बाय दहाची खोली आधी बघू, म्हणजे या खोलीची थोरवी कळेल. आपली ती खोली लांबीला दहा, रुंदीला दहा, आणि जुनं बांधकाम असेल तर उंचीलाही दहा फूट. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जो स्वर बरोबर अर्ध्या लहरीनं मावतो तो तिथं अडकून फुगतो. या खोलीत तो ५६ हर्ट्झचा. बास ड्रमचा मुख्य दणका साधारण याच भागात असतो. आणि खोली घनाकृती असल्यामुळे तिन्ही दिशांना तोच स्वर फुगतो, शिवाय विटांच्या, गिलावा केलेल्या भिंती त्याला बाहेरही जाऊ देत नाहीत. बास ड्रमचा एक ठोका दिला की खोली दोन ठोक्यांएवढं गुरगुरत राहते. व्हँकुव्हरच्या तळमजल्यावर खोली चौदा बाय अकराची आणि छत सातावर असेल, तर हेच स्वर चाळीस, एक्कावन्न आणि ऐंशी हर्ट्झला पांगतात. ड्रायवॉलही खालचे स्वर पूर्ण परतवत नाही: काही पचवते, काही बाहेर सोडते. रेकॉर्डिंगच्या दृष्टीनं ही चैनच आहे. बाहेर सोडलेल्याचं काय होतं, ते शेजाऱ्यांपाशी आलो की बघू.

दुखणं आहे ते छताचं. सिंबलच्या वर टांगायच्या माइकला ओव्हरहेड म्हणतात. सात फुटी खोलीत तो छतापासून जेमतेम पाव मीटर खाली येतो. सिंबलचा आवाज माइकपाशी थेट पोचतो, आणि तोच वर छताला लागून अर्धा मीटर जास्तीचा फेरा मारून पुन्हा पोचतो, दीड मिलिसेकंद उशिरा. एवढा उशीर कानाला उशीर म्हणून कळत नाही. पण दोन्ही आवाज एकत्र आले की काही स्वर एकमेकांना खोडतात. दीड मिलिसेकंदाला पहिली खोड ३४० हर्ट्झच्या आसपास पडते आणि पुढं साधारण दर ६९० ला एकेक. कंगव्याच्या दातांसारखी ही खोडाखोड असल्यामुळे त्याला तसंच नावही आहे. ऐकणारा एवढंच म्हणतो, ‘‘डब्यात बसून वाजवल्यासारखं येतंय.’’ लक्ष्मी रोडवरचे २९ मिलिसेकंद आवाज भरतात, तळमजल्यावरचे दीड मिलिसेकंद तो कुरतडतात. परतून येणारा आवाज वाईट नसतो, फार लवकर परतणारा वाईट असतो.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे ड्रमसेटच्या डोक्यावर छताला रॉकवूलचा (दगडी लोकरीचा) जाड थर टांगायचा. आपल्या प्रांतात ग्रँड फोर्क्सला रॉकवूलचा कारखानाच आहे, त्यामुळे माल हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. चार इंच जाडीच्या पट्ट्या लाकडी चौकटीत बसवायच्या, वर कापड ताणायचं, आणि छताला चिकटवून न लावता चार इंच पोकळी सोडून लटकवायचं. पोकळी फुकटची असते आणि थर जाड केल्यासारखं काम करते. स्वर शोषायला त्याच्या लहरीच्या पाव लांबीएवढी खोली लागते, असा ढोबळ नियम आहे. ३४० हर्ट्झला ती पंचवीस सेंटिमीटर भरते, त्यामुळे आठ इंचांत बरंचसं काम होतं. एक इंची फोमचे काळे चौकोन भिंतीला डकवले तर फक्त वरची सळसळ जाते आणि खोली आणखीच घुमी वाटते. अंड्यांच्या ट्रेंविषयी तर बोलूच नये. दुसरा उपाय धूर्त आहे: माइक छतापासून दूर न्यायला जागा नाही ना, मग तो छतालाच भिडवायचा. थेट आवाज आणि परतलेला आवाज यांच्यातलं अंतरच उरलं नाही की खोडणार काय? सपाट पत्र्यासारखे जे बाउंडरी माइक मिळतात ते याच तत्त्वावर चालतात.

तबल्याला ही खोडाखोड आणखी बोचते. ड्रमसेटच्या पुडीला पक्का सूर नसतो. तबल्याला शाईमुळे असतो. शाईच्या जोरावर तबल्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं आणि १९३४ साली सविस्तर सिद्ध केलं. आता समजा, घरातल्या मुलाचा तबला काळी एकला लावलाय, म्हणजे २७७ हर्ट्झ. माइक भिंतीपासून बरोबर एका फुटावर ठेवलाय. भिंतीवरून परतणारा आवाज दोन फूट जास्त चालून येतो, आणि दोन फुटांची पहिली खोड पडते २८१ हर्ट्झला. अख्ख्या सप्तकातून नेमका षड्जच दुबळा! खोलीत बसलेल्या आईला तबला सुरात वाटतो, हेडफोन लावलेल्या बाबांना उतरलेला, आणि बिचाऱ्या मुलाला हातोडी घेऊन गठ्ठे ठोकायला लावतात. माइक हातभर पुढं घ्यावा.

एकापेक्षा जास्त माइक आले की अंतर माइकामाइकांतही मोजावं लागतं. स्नेअरवर दोन बोटांवर एक माइक आहे आणि मीटरभर वर ओव्हरहेड आहे असं समजा. रेकॉर्ड केल्यावर रीपर किंवा लॉजिकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून ठोक्यावर झूम करत जा. स्नेअरच्या ट्रॅकवर रेघ सपाट चालता चालता एकदम कड्यासारखी उठते. ओव्हरहेडच्या ट्रॅकवर तीच रेघ अजून सपाट आहे. उजवीकडे सरकत जा, आणि साधारण १४० नमुन्यांनंतर (सॅम्पल्स), सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबानं जवळपास २.९ मिलिसेकंदांवर, तीही उठते. मीटर पडद्यावर दिसतो. पहिल्यांदा दिसला की बहुतेकांना हुक्की येते, ओव्हरहेडचा ट्रॅक ओढून स्नेअरशी जुळवायची. जुळवता येतो, ठोका अधिक टोकदार होतो हेही खरं. पण मला ते पटत नाही. तो मीटर होता म्हणून तर ओव्हरहेडमध्ये खोली ऐकू येत होती. काढून टाकायचाच होता तर माइक वर टांगला कशाला?

दोन ओव्हरहेडमध्ये मात्र फरक ठेवून चालत नाही. डावा माइक स्नेअरपासून एक मीटरवर आणि उजवा दहा सेंटिमीटर जास्त लांब असेल, तर दोन्ही मिसळल्यावर १७०० हर्ट्झच्या आसपास खोड पडते, म्हणजे स्नेअरचा कडकपणा जिथं असतो नेमका तिथं. इंग्लंडमधल्या ग्लिन जॉन्स या इंजिनिअरच्या नावानं ओळखली जाणारी मांडणी इथूनच सुरू होते: दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर. त्याला लेझर-बिझर लागत नाही. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध अंगठ्यानं दाबून धरायचं, दुसरं टोक ताणून डाव्या माइकच्या जाळीला लावायचं, तिथं गाठ मारायची, आणि तीच गाठ उजव्या माइकपाशी न्यायची. पोहोचली नाही तर स्टँड सरकवायचा. स्नेअरच्या खालूनही माइक लावणार असाल तर त्याच्या ट्रॅकवर ध्रुवता उलटी करण्याचं बटण दाबा. वरून बघितलं तर पुडी आत जाते तेव्हा खालून ती बाहेर येत असते.

आता कॉम्प्युटर. वाजवणारा स्वतःला हेडफोनमधून ऐकत असेल, तर आवाज इंटरफेसमधून आत जातो, सॉफ्टवेअरमधून फिरतो आणि परत येतो. कॉम्प्युटर नमुने एकेक न घेता मूठमूठ घेतो. त्या मुठीला बफर म्हणतात. ४८,००० च्या दरानं १२८ नमुन्यांची मूठ २.७ मिलिसेकंदांची. जाताना एक, येताना एक, वर इंटरफेसचं स्वतःचं थोडं, असे सात-आठ मिलिसेकंद होतात. म्हणजे अडीच मीटर. ड्रमरच्या कानापासून स्नेअर असते हातभर लांब, दोन मिलिसेकंदांवर. आणि आपण त्याला सांगतो की अडीच मीटरवरची स्नेअर ऐकत वाजव. तेही तो निभावून नेईल. बफर ५१२ वर राहून गेला असेल तर एकेक मूठच १०.७ मिलिसेकंदांची, दोन्ही मिळून सात मीटरच्या वर. मग पोरगं लयीत कच्चं आहे असं घरातल्या सगळ्यांचं मत बनतं. खऱ्या ड्रमसाठी सोपा मार्ग म्हणजे इंटरफेसवरचं थेट ऐकण्याचं बटण. आवाज कॉम्प्युटरची वारी न करताच हेडफोनमध्ये येतो. मोठ्या ढोलपथकात इशारे हातानं का करतात, याचंही उत्तर इथंच आहे. ताशापासून पंधरा मीटर मागे उभा असलेला ढोलवाला कानावर विसंबून राहिला तर त्याला ताशा चव्वेचाळीस मिलिसेकंद शिळा मिळतो. डोळ्याला तो ताजा मिळतो.

राहिले शेजारी. व्हँकुव्हरमधल्या जुन्या भागातला ठरावीक प्लॉट तेहेतीस फूट रुंदीचा, त्यामुळे तुमच्या भिंतीपासून त्यांची भिंत दोन मीटरवर. ड्रमसेट खोलीत सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. शहराचा गोंगाटाचा कायदा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या आत राहायला सांगतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. दोन मीटरांत काय होणार? इथं रॉकवूलही कामाचं नाही. शोषणं आणि अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अडवायला वजन लागतं: दुहेरी ड्रायवॉल, वेगळा सांगाडा, बंद फटी, हजारो डॉलर. त्यापेक्षा शेजारच्या आजींना विचारून दुपारची वेळ ठरवून घ्यावी, आणि रेकॉर्डिंगपुरता फर्नेसचा पंखा बंद करावा. तो परत चालू करायची चिठ्ठी दारावर लावावी.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला हा मार्ग नाही. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रम. रोलंडनं १९९७ साली जाळीच्या पुडीचे व्ही-ड्रम्स काढले तेव्हापासून ठोक्याचा आवाज काठी आपटण्याएवढाच उरला; पायातल्या पॅडलचे धक्के मात्र जमिनीतून खालच्या घरात जातात, म्हणून प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवलेला पाट ड्रमर मंडळी घरीच बनवतात. आवाज कॉम्प्युटरमधून येतो, टूनट्रॅकसारख्या कंपन्यांच्या ध्वनिसंचातून. या संचात ड्रम असतात असं आपण समजतो. एखादा उघडून बघा: त्यात जवळचे माइक, वरचे माइक आणि खोलीचे माइक अशा वेगवेगळ्या पट्ट्या असतात. खोलीची पट्टी वर सरकवली की आपण भिंती मागे ढकलत असतो. लिटल माउंटनच्या त्याच बॉब रॉकचा ‘रॉक फाउंड्री’ नावाचा संच टूनट्रॅकनं विकायला काढला, तो याच कारणासाठी घेतला जातो. ज्याच्याकडे साडेसात फुटांचं छत आहे तो दुसऱ्याची उंच खोली विकत घेतो.

इथल्या मराठी घरांत ड्रम शिकणारी मुलं बरीच, आणि ज्याच्यासोबत वाजवायचं तो मामेभाऊ किंवा तबल्याचे गुरुजी बहुधा पुण्यात. व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम वाजवायला बसतात आणि पाचव्या मात्रेला गाडी घसरते. मग इंटरनेटचा प्लॅन बदलतात. प्लॅननं काही होत नाही. पुणे ते व्हँकुव्हर ढोबळ बारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सरळ रेषेत, मध्ये कुठंही न थांबता, एका बाजूला साठ मिलिसेकंद. आपल्या दरानं वीस मीटर, आणि उत्तर यायला आणखी वीस. प्रत्यक्षात तार वळणावळणानं जाते, वाटेत यंत्रं थांबवतात, कॉलचं सॉफ्टवेअर आपली मूठ वेगळी भरतं, त्यामुळे अंतर याच्या कितीतरी पट होतं. खेळाच्या मैदानाच्या दोन टोकांना उभं राहून कुणी तीनताल जुळवत नाही.

म्हणून फाइल पाठवायची. उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक इथं उलट उपयोगी पडतो: आपण झोपतो तेव्हा ते वाजवतात. आधी एकानं मेट्रोनोमच्या क्लिकवर आपला ट्रॅक करायचा. सुरुवातीला एक आवर्तन नुसती क्लिक ठेवायची. दोघांनी ४८,००० चाच दर धरायचा, कारण एकाची फाइल ४८ ची आणि दुसऱ्याचं सॉफ्टवेअर ती ४४.१ ची समजून चालवत असेल तर लयही उतरते आणि सूरही. एमपीथ्री न पाठवता डब्ल्यूएव्ही पाठवायची, कारण एमपीथ्रीच्या सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते आणि सगळं काही मिलिसेकंद मागे पडतं. आणि तुकडा जिथून वाजवलाय तिथून कापून न पाठवता प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून, सुरुवातीच्या रिकाम्या जागेसकट पाठवायचा. नाहीतर पुण्यातल्या गुरुजींना सकाळी उठून तुमची पहिली धा कुठं ठेवायची हेच शोधत बसावं लागतं.